गार हवा छतातच मुरत होती: मोहर्लीजवळच्या एका कॅराव्हॅनच्या एसीचं प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि नेमकी त्याच दिवसांत ताडोब्यात सगळ्यांत जास्त गर्दी असते. जंगलातले पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर वाघ येतो आणि त्याच्यामागे पर्यटक येतात. मोहर्ली गेटच्या वाटेवरच्या एका शेतात अशा पाहुण्यांच्या मुक्कामासाठी कॅराव्हॅन उभी केली होती. ओढून आणायची, दोन चाकांची, १८ फूट लांब, ७ फूट रुंद, आतून साडेसहा फूट उंच. बाहेरून पत्रा, आतून प्लाय, मध्ये २५ मिमी थर्माकोल. छतावर १३,५०० बीटीयूचा रूफटॉप एसी, म्हणजे सव्वा टनाला थोडा कमी. एसीची हवा छताच्या पोकळीतल्या दोन चपट्या डक्टमधून, म्हणजे हवेच्या बंद वाटांमधून, सहा गोल तोंडांपर्यंत जाते: मागे पलंगावर दोन, मध्ये ओट्याजवळ दोन, समोर सोफ्यावर दोन.

मालकाची तक्रार त्यांच्याच शब्दांत अशी: "मागं पलंगावर तोंडाले गार लागते भाऊ, पन समोर सोफ्यावर बसलं का घामच आटत नाही. अन् रात्री मशीन आपोआप बंद पडते."

आमच्याकडे येण्याआधी तीन उपाय होऊन गेले होते. पहिल्या मेकॅनिकने "गॅस कमी आहे" असं निदान केलं. या प्रकारच्या बहुतेक रूफटॉप मशीन कारखान्यातूनच सीलबंद येतात, त्यांना गॅस भरायचा व्हॉल्व्ह नसतो. नळीला भोक पाडून व्हॉल्व्ह बसवायचा बेत सुदैवाने पुढे गेला नाही. दुसरा उपाय म्हणून थर्मोस्टॅट १८ वर नेला. तिसरा उपाय अस्सल वैदर्भीय: दारात कुलर लावला. या शेवटच्या दोन उपायांनी रोग वाढवला. कसा, ते पुढे येईल.

उघडण्याआधी मोजमाप

छताचं पॅनल उघडण्याची घाई सगळ्यांनाच असते. पण एकदा उघडलं की मूळ दोष कुठे होता, हे सांगणारा पुरावाच हातचा जातो. म्हणून दुपारी तीनला, मशीन दोन तास सलग चालल्यावर, आधी आकडे घेतले. साधनं साधी होती: तारेच्या टोकाला सेन्सर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर, १०० लिटरची कचऱ्याची प्लास्टिक पिशवी, तारेचं एक कडं, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि उदबत्तीचा पुडा.

पिशवीचं तोंड तारेच्या कड्यावर ताणून बसवायचं, पिशवी पूर्ण चापटून हवेच्या तोंडाला लावायची आणि ती टम्म फुगेपर्यंतचे सेकंद मोजायचे. प्रत्येक तोंडाला तीन वेळा मोजून सरासरी घ्यायची. वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र असेल तर उत्तम, पण ग्रिलच्या पट्ट्यांमुळे त्याचे आकडे फसवतात. आधी आणि नंतरची तुलना करायला पिशवी पुरते.

मागच्या दोन्ही तोंडांना पिशवी ४ सेकंदांत भरली, मधल्या दोन्हींना ५ सेकंदांत, समोरच्या दोन्हींना तब्बल १४ सेकंदांत. हिशेब केला तर मागे सेकंदाला २५ लिटर, मध्ये २० आणि समोर जेमतेम ७. सहा तोंडांची बेरीज १०४ लिटर, म्हणजे सुमारे २२० सीएफएम (मिनिटाला घनफूट). टनामागे ३५० ते ४०० सीएफएम हा एसीचा रूढ हिशेब. त्याने या मशीनला ३९० च्या पुढे हवी.

तापमानाने आणखी काही सांगितलं. बाहेर सावलीत ४४ होतं, आत ३६. मागच्या तोंडातून हवा १८ अंशांनी येत होती, समोरच्या तोंडातून २४ ने. मग रिटर्नच्या, म्हणजे खोलीची हवा मशीनमध्ये परत ओढणाऱ्या वाटेच्या, जाळीतून सेन्सरची तार वर सरकवून अगदी कॉइलच्या (हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या जाळ्याच्या) तोंडाशी नेली. तिथे ३६ दिसायला हवं होतं, कारण खोलीचीच हवा तिथे पोचते. दिसलं २९. सेन्सर कॉइलच्या पलीकडे नेला तर १७.

सगळं निदान या २९ मध्ये आहे. खोलीत ३६ अंशांची हवा असताना कॉइलसमोर २९ ची हवा येते, याचा अर्थ कॉइलमधून गार होऊन निघालेली १७ अंशांची हवा खोलीत न जाता थेट रिटर्नमध्ये घुसते आहे. ३६ आणि १७ यांच्यात १९ अंशांचं अंतर, त्यातले ७ अंश उतरलेले. म्हणजे दर तीन वाट्यांतला एक वाटा, खरं तर थोडा जास्तच, छतातल्या छतात गोल फिरत होता.

रात्री मशीन बंद पडण्याचं कोडंही यातच सुटतं. थर्मोस्टॅटचा सेन्सर रिटर्नच्या वाटेत बसवलेला असतो. रात्री खोली ३० अंशांवर असली तरी गार हवा मिसळल्यामुळे सेन्सरला २४ च्या आसपास जाणवतं. मशीन समजतं, खोली गार झाली, आणि कॉम्प्रेसर थांबतो. वैतागून १८ लावलं की कॉम्प्रेसर चालतच राहतो, आधीच गार असलेली हवा पुन्हा पुन्हा कॉइलवर येते आणि कॉइल शून्याखाली उतरते. एरवी मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत बर्फ धरायला ओल कुठून येणार? ती कुलरने पुरवली. पहाटे कॉइल पांढरीशुभ्र व्हायची आणि हवा पार थांबायची. कुलरला खिडकी उघडी लागते, एसीला सगळं बंद लागतं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या कुलरची सवय असल्याने पाहुणेही नकळत खिडकी चार बोटं उघडी ठेवत होते.

बर्फ दिसला की गॅस कमी, हा समज बाजारात घट्ट बसला आहे. गॅस कमी असेल तर बर्फ बहुधा कॉइलच्या एका भागावर, गॅस आत शिरतो त्या बाजूला धरतो आणि कॉम्प्रेसरचा करंटही कमी भरतो. हवा कमी असेल तर बर्फ सगळ्या कॉइलवर सारखा पसरतो. इथे सारखा पसरलेला होता आणि करंट ६.८ अँपियर, म्हणजे प्लेटवर लिहिल्याच्या जवळपास. गॅस शाबूत होता.

शेवटची तपासणी उदबत्तीची. छतातल्या एलईडी दिव्याच्या कडेला उदबत्ती धरली तर धूर फर्रकन बाजूला उडाला. दिव्याच्या भोकातून गार हवा येत होती. दिव्यातून हवा यावी असं कोणी ठरवलेलं नव्हतं, तेव्हा डक्टही फुटलेला होता हे पॅनल न उघडताच कळलं.

आत काय सापडलं

मेन स्विच बंद करून, वायर काढून घेऊन मगच रिटर्नच्या जाळीचं पॅनल उतरवलं. छताला साधारण १४ बाय १४ इंचांचं भोक असतं, त्यातून मशीनचा खालचा भाग आत येतो. या भोकातच हवेच्या दोन वाटा शेजारी शेजारी असतात: एकीकडून खोलीची हवा वर ओढली जाते, दुसरीकडून गार हवा खाली ढकलली जाते. दोन्हींमध्ये एक आडभिंत लागते. इथे ती भिंत म्हणजे थर्माकोलची पट्टी होती, आणि तिच्या वरच्या कडेला बोट शिरेल एवढी, १२ मिमीची फट होती. फटीच्या दोन्ही अंगांना थर्माकोलवर काळ्या धुळीची मिशीसारखी रेघ उमटली होती. अशी रेघ दिसली की तिथून हवा पळते हे पक्कं समजायचं. धूळ खोटं बोलत नाही. चंद्रपूरच्या हवेत कोळशाची भुकटी असल्याने ही रेघ इथे लवकर आणि ठळक उमटते.

बाकीच्या चुका डक्टच्या होत्या. डक्ट ३०० मिमी रुंद आणि ६० मिमी उंच, पण मशीनच्या बाजूचं त्याचं तोंड फक्त २१० मिमी कापलेलं. तोंडं खोलीत उघडतात तिथे प्लायचं भोक आणि डक्टचं भोक एकमेकांवर आलेलंच नव्हतं, शिवाय दोन्हींमध्ये २० मिमीची पोकळी. हवा खाली येण्याऐवजी त्या पोकळीतून आडवी पसरत होती. समोरच्या शेवटच्या तोंडापुढे डक्ट आणखी अडीच फूट जाऊन तसाच उघडा संपत होता. छताच्या पोकळीत दुपारी ५४ अंश भरले. विकतची वीज जाळून गार केलेली हवा त्या भट्टीत ओतली जात होती. जोडांवर कापडी टेप होता. त्याचा गोंद उन्हाने पातळ होऊन टेप सालपटासारखा लोंबत होता.

दुरुस्ती

सामान चंद्रपूरच्या बाजारात एका फेरीत मिळालं: ७२ मिमी रुंदीचा ॲल्युमिनियम फॉइल टेप २ रोल, २६ गेजचा जीआय पत्रा २ बाय २ फूट, २५ मिमी जाडीची एक्सपीएस (थर्माकोलपेक्षा घट्ट) फोमची एक शीट, १३ मिमी नायट्राइल रबर शीट १ चौरस मीटर, सिलिकॉनची १ ट्यूब, अर्धा लिटर स्पिरीट. शेतातच पडलेला ११० मिमीचा पीव्हीसी पाइप फार उपयोगी पडला.

काम आडभिंतीपासून सुरू केलं. पुठ्ठ्यावर साचा कापून, तो वर मशीनच्या तळाला नीट टेकतो का पाहून, त्याबरहुकूम पत्रा कापला. पत्र्याच्या वरच्या कडेला नायट्राइलची पट्टी दुमडून चिकटवली, म्हणजे मशीन थरथरली तरी फट पडत नाही आणि पत्रा वाजत नाही. खालची आणि बाजूची कड फॉइल टेपने बंद केली. टेप लावण्याआधी पृष्ठभाग स्पिरीटने पुसला आणि वाळू दिला, लावल्यावर प्लास्टिकच्या पट्टीने दाबून घासला. हे घासणं टाळलं तर चांगला टेपही एका हंगामात सुटतो. वायरजोडणीच्या डबीजवळ उघडा फोम किंवा थर्माकोल राहू द्यायचा नाही. तिथे पत्राच ठेवला.

आडभिंत झाली, मशीन चालवून पुन्हा सेन्सर लावला. खोली अजून ३६ वर, आणि कॉइलसमोर आता ३८! आधी २९ होतं, ते खोलीपेक्षाही वर गेलं. इथे घाबरायला होतं, पण हा दुसरा दोष होता, जो पहिल्याने झाकला होता. रिटर्नचा डबा, म्हणजे भोकातली हवा ओढणारी बाजू, छताच्या पोकळीकडून बंदच केलेला नव्हता. ब्लोअर, म्हणजे मशीनमधला पंखा, हवा ओढतो तेव्हा तिथे हलका शोष तयार होतो आणि पोकळीतली ५४ अंशांची हवा आत येते. ३६ चे ३८ होण्यासाठी अशी सुमारे ११ टक्के हवा पुरते. भोकाच्या चारही बाजूंच्या लाकडी चौकटीला आतून फॉइल टेप आणि कोपऱ्यांत सिलिकॉन देऊन हा डबा पूर्ण बंद केला. पुन्हा मोजलं तर कॉइलसमोर ३६.

इथे पीयू फोमचा स्प्रे मारायचा मोह बहुतेकांना होतो. तो फुगतो, वरची प्लाय उचलतो, आणि डक्टमध्ये शिरला तर काढता येत नाही. तो वापरला नाही.

डक्टचं तोंड २१० वरून पूर्ण ३०० मिमीपर्यंत कापलं. कापण्याआधी दिव्यांच्या वायर हाताने चाचपून बाजूला बांधल्या. या पोकळीत वायर कुठूनही गेलेली असते आणि करवतीला ती दिसत नाही. ब्लोअरची हवा खाली येऊन काटकोनात डक्टमध्ये वळते, तिथे डब्याच्या तळाला एक्सपीएसचा ४५ अंशांचा उतार करून फॉइलने मढवला. सपाट तळावर हवा आपटते आणि घोटाळते. उतारावरून ती घसरून वळते.

सहाही तोंडांसाठी ११० मिमी पाइपच्या ४५ मिमी लांबीच्या कड्या कापल्या. त्यांची धार घासून काढली, डक्टच्या भोकातून प्लायच्या भोकापर्यंत बसवल्या आणि दोन्हीकडून टेपने जखडल्या. डक्टचं भोक सरकलेलं होतं तिथे ते नव्याने प्लायच्या भोकावर कापलं आणि जुन्याला ठिगळ लावलं. समोरच्या तोंडापुढे ५० मिमी अंतरावर एक्सपीएसचा तुकडा घट्ट बसवून डक्ट बंद केला. हात पोचेना तिथे तो तुकडा लाकडी पट्टीला टोचून तोंडातूनच आत सरकवला.

प्रत्येक कामानंतर पिशवीने सहाही तोंडांची बेरीज घेतली. सुरुवातीला सेकंदाला १०४ लिटर, आडभिंतीनंतर १२८, कड्या आणि बंद टोकांनंतर १५८, रुंद तोंड आणि उतारानंतर १७१. पंख्याची मोटर अजून सुस्त वाटत होती, म्हणून तिचा कपॅसिटर (मोटरला जोर देणारा, वीज साठवणारा भाग) काढला. कपॅसिटरचे पाय आधी रोधातून डिस्चार्ज करून घेतले, नुसता स्क्रूड्रायव्हर टेकवला नाही. ६ मायक्रोफॅरडचा तो कपॅसिटर ४.१ भरला. नवा बसवल्यावर बेरीज १८० झाली, म्हणजे ३८० सीएफएम. आता मागे साडेतीन सेकंद, मध्ये ३.२, समोर ३.३.

यातही जागच्या जागी फसवणारी एक गोष्ट आहे. आडभिंत बसवल्यावर पहिल्या अर्ध्या तासात पलंगावरच्या तोंडातली हवा आधीपेक्षा गरम लागते. मालकांनी हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. पण आता कॉइलवर २९ ऐवजी ३६ ची हवा येते आणि कॉइल ती १३-१४ अंशांनी उतरवते, तेव्हा तोंडाशी २२-२३ येणारच. खोली उतरत जाते तसं तोंडही उतरतं. दोन तासांनी आत २८.५ होतं, कॉइलसमोर २९.५, मागच्या तोंडात १५.५, समोरच्या तोंडात १६.५. बाहेर तेच ४४. नेमक्या पहिल्या अर्ध्या तासात पॅनल पुन्हा उघडून आडभिंत हलवणारे फिटर आहेत, म्हणून हे मालकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

खोलीत पोचणाऱ्या गारव्याचा हिशेब मांडला तर आधी सुमारे २ किलोवॅट पोचत होते, आता २.७ पोचतात. मशीन तेच, गॅस तोच.

विजेची बाजू

शेतातल्या खांबापासून कॅराव्हॅनपर्यंत ६० मीटर वायर होती, दीड चौरस मिमी तांब्याची. संध्याकाळी सातला खांबावर २०५ व्होल्ट होते आणि कॅराव्हॅनमध्ये १९३. चालू करंटला ६० मीटरवर १० व्होल्ट निव्वळ वायरमध्ये जातात, उरलेले दोन एका ढिल्या जोडात गेले होते. व्होल्टेज पडलं की ब्लोअरचा वेग पडतो आणि मेहनतीने वाढवलेली हवा पुन्हा घटते. ४ चौरस मिमीची वायर टाकल्यावर खालचा आकडा २०१ झाला. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट कितीतरी पट उसळतो, तेव्हा बारीक वायरीवर मशीन सुरूच होत नाही. नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत, फिडरवर (गावच्या वीजवाहिनीवर) ताण असताना हेच होतं. अर्थिंगचा तिसरा धागा आणि आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) याच वेळी तपासून घेतले, कारण पत्र्याची पेटी उघड्या शेतात उभी आहे.

सावलीसाठी वर बांबूच्या तट्ट्यांचा मांडव घातला, पण मशीनच्या डोक्यावर तीन फूट जागा सोडून. आधी शेडनेट अगदी मशीनवर टेकलेलं होतं, त्यामुळे कंडेन्सरने (उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलने) फेकलेली गरम हवा नेटखाली अडकून पुन्हा त्यालाच मिळत होती. तट्टे झुकले की दोरी ताणून घ्यावी लागते.

जे जमलं नाही आणि जे करत राहायचं

दुपारी दोन ते चारमध्ये, बाहेर ४६ असताना, चार माणसं आत आणि दार सतत उघडझाप, अशा वेळी ३० च्या खाली उतरत नाही. छतातलं २५ मिमी थर्माकोल याला कमी पडतं, आणि तेवढ्या उन्हात मशीनची ताकदही प्लेटवरच्या आकड्यापेक्षा घटते. पाहुणे सफारीहून येण्याआधी दोन तास मशीन लावून ठेवणं हा खरा इलाज. थर्मोस्टॅट २५ वर, पंखा हाय वर, कुलर बाहेर पडवीत.

समोर जास्त हवा हवी म्हणून मागची तोंडं बंद करू नयेत. सहापैकी दोन बंद केली की एकूण हवा घटते आणि बर्फाचा रस्ता पुन्हा उघडतो. मागची जाळी फार तर पाव वळवावी.

रिटर्नची जाळी उन्हाळ्यात दर आठवड्याला साध्या पाण्याने धुवायची, सावलीत वाळवायची आणि ओली असताना बसवायची नाही. कापसाच्या दिवसांत गाडी जिनिंगच्या वाटेवर उभी असेल तर तंतू जाळीवर नमद्यासारखे बसतात. तेव्हा दर तीन दिवसांनी. हंगामाच्या आधी मार्चमध्ये कंडेन्सरचं झाकण काढून, आतून बाहेर अशा दिशेने कमी दाबाचं पाणी मारायचं आणि वाकलेल्या पट्ट्या कंगव्याने सरळ करायच्या. मशीन छताला धरून ठेवणारे चार बोल्ट गाडी ओढून नेली की ढिले होतात. ते गॅस्केट निम्मं दबेपर्यंतच कसायचे. जास्त कसले तर छत खचतं आणि पहिल्याच मृगाच्या पावसात पाणी आत येतं. बोल्ट कसले की आडभिंतीची वरची कड पुन्हा बॅटरीच्या उजेडात पाहायची आणि सेन्सर कॉइलसमोर लावायचा. खोलीच्या आणि तिथल्या आकड्यात एक अंशापेक्षा जास्त फरक आला तर नायट्राइलची पट्टी बदलायची.